वेगळा तवा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं नवरा-बायको आणि अम्मी असे तिघं धाकट्याकडे अमेरिकेला जाऊन आलो. धाकटा म्हणजे अम्मींचा शेंडेफळ मुलगा. बारा वर्षं झाली त्याला तिकडे. तिकिटं त्यानेच पाठवली. आमच्या दोघांच्या मास्तरकीच्या पगारात ते जमणारं नव्हतं. परत आल्यावर मोहल्ल्यात आणि शाळेत सगळ्यांचा एकच प्रश्न, काय काय पाहिलंत? पाहिलं पुष्कळ. वॉशिंग्टनची स्मारकं पाहिली, तिकीट न लागणारी स्मिथसोनियनची मोठमोठी म्युझियमं पाय दुखेपर्यंत पाहिली. पण अम्मींना कुणी विचारलं की त्या म्हणतात, "तिथे एक बाय होती. आपल्यासारखी भाकरी थापायची."

ही त्या बायची हकीकत आहे, आणि आमच्याच घरातल्या एका चुकीचीही.

धाकटा मेरीलँड राज्यात लँग्ली पार्क नावाच्या वस्तीत राहतो. वॉशिंग्टन शहराची हद्द तिथून थोड्याच मैलांवर. वस्तीत इंग्रजीपेक्षा स्पॅनिश पाट्या जास्त. मधूनच एखादं आपल्याकडच्या मसाल्याचं, साडीचं दुकानही दिसतं. राहणारे बहुतेक मध्य अमेरिकेतून आलेले, त्यात एल साल्वादोरचेही पुष्कळ. हा देश क्षेत्रफळाने आपल्या कोकण विभागापेक्षाही लहान. पण वॉशिंग्टनच्या परिसरात बाहेरून येऊन राहिलेल्यांत सगळ्यात मोठी संख्या याच देशाच्या लोकांची आहे. बांधकामावर, हॉटेलांच्या भटारखान्यात, साफसफाईच्या कामात जिकडेतिकडे तेच.

जुम्याची नमाज झाली की धाकटा घरच्यांना घेऊन जवळच्या एका खानावळीत जातो. पहिल्याच शुक्रवारी आम्हालाही नेलं. एका बाजूला कपडे धुण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला परदेशी पैसे पाठवण्याचं, मध्ये ही खानावळ. आठ-नऊ टेबलं, भिंतीवर टीव्ही, त्यावर फुटबॉल. दुपारच्या वेळी चुन्या-सिमेंटने पांढरे झालेले बूट घातलेले कामगार रांगेत उभे. पाटीवर अर्धे पदार्थ मेक्सिकोचे, टाको, बुरितो, केसादिया वगैरे, आणि अर्धे एल साल्वादोरचे. मालकीण एल साल्वादोरच्या. मेक्सिकोचे पदार्थ कशाला, असं नंतर एकदा विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अमेरिकन माणसाला टाको माहीत असतो, पुपुसा माहीत नसतो. टाकोचं चित्र बघून तो आत येतो. मग मी त्याला पुपुसा खायला घालते."

पुपुसा म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही बसलो होतो तिथून भटारखान्याची खिडकी दिसत होती. आतून टप टप, टप टप असा आवाज येत होता. अम्मींनी मान वर केली. "कुणीतरी भाकरी थापतंय," त्या म्हणाल्या, आणि उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मालकीण बाई मक्याच्या पिठाचा गोळा हातावर घेत, अंगठ्याने त्याची वाटी करत, आत घेवड्याच्या लहान तांबड्या दाण्यांचं सारण आणि चीझ भरत, पुरणपोळीचा उंडा मिटावा तसं तोंड मिटत आणि दोन्ही तळव्यांवर फिरवत थापत. बघता बघता तळहाताएवढी जाड भाकरी तयार होई आणि लांबरुंद लोखंडी तव्यावर पडे. सोबत सिरक्यात मुरवलेली कोबी-गाजराची कोशिंबीर, तिला कुर्तिदो म्हणतात, आणि पातळ टोमॅटोची चटणी. एका पुपुसाला ३ डॉलर. दोन खाल्ल्या की पोट भरतं. आणि काटा-चमचा नाही, हाताने खायचं. अमेरिकेत येऊन आठवड्यानंतर अम्मी पहिल्यांदा चारचौघांत बिनसंकोच हाताने जेवल्या.

पिठाचीही एक गंमत आहे. तिकडे मका नुसता दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, साल सुटते, मग धुऊन वाटतात. ही रीत तिथल्या मूळ लोकांची, हजारो वर्षांची. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. पुढे मका समुद्र ओलांडून युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. धान्य घेतलं, पण ते शिजवायचं कसं हे विचारलं नाही, त्याचं हे फळ. आम्ही हे अम्मींना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "चुना म्हणजे पानाला लावतो तोच?" तोच.

प्यायला आम्ही तामारिंदो मागवलं. पहिला घोट घेताच अम्मी म्हणाल्या, "अरे, हे तर चिंचेचं सरबत!" आम्ही पडलो उर्दूचे शिक्षक. शब्द कानावर पडताच डोक्यात दिवा लागला. अरबीत चिंचेला 'तमर हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदची खजूर. अरबांचा हा शब्द युरोपात गेला, स्पॅनिश लोकांनी तो अमेरिकेत नेला, आणि आता एल साल्वादोरच्या बाईच्या हातून हिंदच्या नावाचा पेला अम्मींच्या पुढ्यात आला. एकूण काय, पहिला शुक्रवार फारच आनंदात गेला.

दुसऱ्या शुक्रवारी ते घडलं.

अम्मींना घेवड्याचं ते सारण फार आवडलं होतं. घरी करून बघावं म्हणून त्यांनी नातवाला पुढे घातलं. "विचार तिला, कसं करते." नातू सातवीत आहे, शाळेत स्पॅनिश शिकतो. दादी बोलायची आमच्या कोकणी बोलीत, तो विचारायचा स्पॅनिशमध्ये, आणि उत्तर सांगायचा मोडक्या उर्दूत. बाई हौसेने सांगत होत्या. दाणे रात्री भिजवायचे, लसूण-मीठ घालून शिजवायचे, वाटायचे, मग कांदा परतून त्यात चांगले घोटायचे. "कशात परतायचं?" अम्मींनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मान्तेका."

नातू थांबला. त्याला तो शब्द येत होता. त्याचं तोंड एकदम उतरलं. आम्ही विचारलं, काय रे? तो खाली बघत म्हणाला, "लार्ड. डुकराची चरबी."

टेबलावर सगळ्यांच्या पुढ्यात अर्धी-अर्धी पुपुसा होती. धाकटी सून पाण्याचा ग्लास धरून तशीच बसून राहिली. धाकट्याने पैसे टेबलावर ठेवले आणि आम्ही कुणाशी न बोलता बाहेर पडलो. बाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना काहीच कळलं नसणार.

दोन वर्षं हे कुटुंब तिथे जेवत होतं. मांसाच्या पदार्थांना त्यांनी कधी हात लावला नव्हता. पाटीवर 'घेवडा आणि चीझ' लिहिलेलं, तेवढंच मागवायचं. डाळ-भाजीत काय असणार, असं धरून चाललं होतं. रात्री मुलं झोपल्यावर सून रडली. म्हणाली, "मी स्वतः मुलांना भरवलं." धाकटा चिडला, तिच्यावर नव्हे, स्वतःवरच. आम्ही त्याला विचारलं, "दोन वर्षांत एकदाही विचारलं नाहीस?" तेव्हा तो जे बोलला ते लिहायला हवं, कारण ते त्याच्या एकट्याचं नाही.

तो म्हणाला, "मागे दहा माणसं रांगेत उभी असतात. आधीच माझी दाढी, हिचा हिजाब. त्यात काउंटरवर उभं राहून यात डुक्कर आहे का, त्यात चरबी आहे का, असं विचारत बसायचं? लोक म्हणणार, आले हे, यांचं वेगळंच काहीतरी. ऑफिसात रोज वेगळा असतो मी. इथे तरी सगळ्यांसारखं दोन घास खावेत असं वाटायचं."

आम्ही गप्प झालो. शिक्षकाला ही गोष्ट नवी नाही. वर्गात शिकवून झाल्यावर आम्ही विचारतो, समजलं का? चाळीस डोकी हलतात. पेपर तपासताना कळतं की निम्म्यांना काही समजलं नव्हतं. न समजणं हा गुन्हा नव्हता. सगळ्यांसमोर हात वर करायची लाज वाटली, एवढंच. ती लाज आम्ही मुलांच्या तोंडावर रोज पाहतो. पस्तिशीतल्या, चांगल्या नोकरीतल्या माणसाच्या तोंडावर ती पाहून मात्र मन भरून आलं.

अम्मी तोवर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नकळत पोटात गेलं, त्याची अल्लाहकडे तौबा करू. तो माफ करणारा आहे. पण उद्यापासून नकळत म्हणता येणार नाही." मग धाकट्याकडे वळून म्हणाल्या, "गावाहून इथवर आलास तो रस्ता विचारत विचारतच आलास ना? मग ताटात काय आहे ते विचारायला काय झालं? आणि त्या बिचारीचं काय चुकलं? तिने लपवलं थोडंच? पहिल्यांदा विचारलं तर पहिल्यांदाच खरं सांगितलं."

सुनेचं म्हणणं होतं, आता त्या रस्त्यालाच जायचं नाही. अम्मी म्हणाल्या, "तसं नको. आपण ताटं टाकून उठून आलो. तिला वाटेल, आपल्या हातचं यांना घाण वाटलं. तिला सांगून यायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नसताना आम्ही गेलो. अम्मी, नातू आणि आम्ही दोघं. धाकटा गाडी लावतो म्हणाला आणि बराच वेळ गाडीतच बसला. अम्मींनी बाईंचा हात हातात घेतला आणि नातवाला सांगितलं, "तिला सांग, तुझं जेवण फार चांगलं आहे. पण आम्ही मुसलमान. डुकराचं काही चालत नाही, चरबीसुद्धा नाही. आम्ही आधी विचारलं नाही, चूक आमची."

बाईंनी छातीवर हात ठेवला. "पेर्दोन, पेर्दोन," असं दोन-तीनदा म्हणाल्या, म्हणजे माफ करा. मग एकच प्रश्न विचारला, "दोन वर्षं येताय. मला सांगितलं का नाही?" नातवाने तो आमच्यासाठी उर्दूत आणला तेव्हा धाकटा दारात येऊन उभा होता. त्यानेही ऐकला.

पुढे त्या बाई न विचारताच एकेक सांगू लागल्या. कागद-पेन घेऊन सांगितलं. घेवड्याचं पातेलं सकाळी आधी नुसत्या पाण्यात शिजतं, मान्तेका नंतर पडतं, तेव्हा तुमच्यापुरतं आधी बाजूला काढता येईल. पुपुसाच्या पिठात फक्त मका, पाणी, मीठ. पण तमाल मागवू नका, त्याच्या पिठातच चरबी मळलेली असते. भातही नको, तो कोंबडीच्या पाण्यात शिजवते. मोठ्या तव्यावर नको, कारण तिथे चिचारोन म्हणजे डुकराच्या मांसाच्या पुपुसाही भाजतात, सारण फुटून बाहेर येतं. चीझचं पाकीट त्यांनी बाहेर आणून दाखवलं. नातवाने वाचलं, त्यातलं विरजण जनावराच्या पोटातलं नव्हतं, सूक्ष्मजीवांपासून केलेलं होतं. भाताचं आणि तव्याचं आमच्या तर ध्यानातही आलं नव्हतं. एक प्रश्न आम्ही विचारला आणि न विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली.

शेवटी त्यांनी फळीवरून एक लहान तवा काढला. नवा होता. म्हणाल्या, "हा तुमचा. यावर फक्त तेल. हात धुऊन तुमचं आधी करीन. गर्दीच्या आधी या, अकरा वाजता."

आम्ही म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास. त्या म्हणाल्या, "त्रास कसला? ईस्टरच्या आधीच्या दिवसांत आम्हीही शुक्रवारी मांस खात नाही. माझी आई तर त्या दिवशी मांसाचं पातेलंसुद्धा चुलीवर ठेवू द्यायची नाही. देवासाठी एखादी गोष्ट सोडणं मला समजतं."

त्या सुट्टीतले पुढचे सगळे शुक्रवार आम्ही अकरा वाजता तिथे होतो. जुम्याच्या आधी जेवण, मग मशीद. आता बोलणंही होऊ लागलं. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ अशी बारा वर्षं यादवी चालली. ७५ हजारांच्या आसपास माणसं मेली. १९८० मध्ये गरिबांच्या बाजूने बोलणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असतानाच गोळी घालण्यात आली. त्यांचा फोटो खानावळीच्या भिंतीवर होता. बाई त्या काळात चौदा वर्षांच्या होत्या. थोरल्या भावाबरोबर त्या मेक्सिको ओलांडून इकडे आल्या. आई मागे राहिली ती पुन्हा भेटली नाही. "तिची आठवण म्हणून फोटो नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "हे थापणं आहे." अम्मींना नातवाने याचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी काही न बोलता बाईंचे पीठ लागलेले हात धरले.

आणखी एक गोष्ट. मेक्सिकोच्या बाजूला उभ्या सळईवर मांसाचे थर लावून, बाहेरून भाजत, सुरीने कापत. नातू म्हणाला, "शवर्मा!" दिसायला हुबेहूब. आणि ते खरंच त्याच वंशाचं आहे. लेबननमधून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी ही सळई तिकडे नेली. पण तिथे तिच्यावर डुकराचं मांस चढलं. बघून जे आपलं वाटलं ते आपल्याला चालणारं नव्हतं, आणि जी मक्याची भाकरी परकी वाटली असती ती चालली. डोळ्यांनी ठरवायचं नाही, तोंडाने विचारायचं, हे नातवाला आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी अम्मींनी गावाहून नेलेली आमसुलं बाईंना दिली. उतू जाईपर्यंत चहा झाला, निरोप झाला. अम्मी म्हणाल्या, "पुन्हा भेटू, इन्शाअल्लाह." नातवाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ओहाला." बाईंनीही हात जोडून म्हटलं, "ओहाला." गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं की त्या शब्दाचा अर्थ 'तसं होवो', आणि मुसलमान स्पेनमध्ये राज्य करत होते त्या काळात अरबीतून तो स्पॅनिशमध्ये आला. मुळात अर्थ, अल्लाहची मर्जी असेल तर. अम्मी म्हणाल्या, "म्हणजे ती पण इन्शाअल्लाहच म्हणाली."

इथे ही हकीकत संपायला हवी होती. पण घरी आल्यावर एक गोष्ट आम्हाला टोचत राहिली.

आमच्या शेजारचं घर माळकऱ्यांचं. पंधरा वर्षांचा शेजार. दर रमजान ईदला आम्ही शीरखुर्म्याचा डबा देतो. वहिनी हसून घेतात, डबा धुऊन, त्यात दिवाळीला फराळ घालून परत देतात. यात काय आहे, कोणत्या पातेल्यात केलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तुम्हाला चालतं का, हे आम्हीही कधी विचारलं नाही. रांगेत उभ्या राहिलेल्या धाकट्यासारखंच, इकडेही लाज, तिकडेही लाज.

यंदा ईदच्या चार दिवस आधी आम्ही विचारलं. वहिनी आधी नाही-नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, "रागावू नका. दुधाला काही हरकत नाही. पण मटण शिजलेल्या पातेल्यातलं असेल म्हणून आमच्या घशाखाली उतरत नाही. टाकवतही नाही. दरवेळी कामवालीला देत आले. तुम्हाला कसं सांगू?"

पंधरा वर्षं. आम्हाला राग आला नाही. बाईंचा तो प्रश्न आठवला, मला सांगितलं का नाही?

बाजारातून एक नवं पातेलं आणि एक पळी आणली. अम्मींनी वहिनींनाच आमच्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि त्यांच्यासमोर दूध त्या पातेल्यात ओतलं. ईदच्या सकाळी शीरखुर्मा झाला. वहिनींनी डबा घरी नेला नाही. ओट्याशी उभं राहूनच वाटीभर खाल्ला आणि विचारलं, "खारीक किती वेळ भिजवता?"

ते पातेलं आता आमच्या फळीवर वेगळं ठेवलेलं असतं. धाकट्याचा फोन येतो तेव्हा अम्मी हटकून विचारतात, "आपला तवा आहे ना अजून?" नातू सांगतो, आहे. आता त्याच्या वर्गातली एक बांगलादेशी आणि एक सोमाली मुलगाही घरच्यांना घेऊन अकरा वाजता येतात. त्यांनाही आधी कुणी विचारलं नव्हतं.